कंसातले नाव : कोल्हापूर भागातील खेड्यातल्या पूर्वजाचा कागदोपत्री माग कसा काढावा

आमच्या पणजोबांविषयी आजी एकच वाक्य सांगत असे : "थोरला म्हातारा मानमोडीत गेला, त्या साली जोंधळा कापायला घरात माणूस उरलं नव्हतं." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पणजोबांचे नाव आम्हांला ठाऊक होते, विहिरीकडची पट्टी त्यांची होती हेही ठाऊक होते, त्यापलीकडे काही नव्हते. त्या एका वाक्यापासून सुरुवात करून, सुमारे चार वर्षे तहसील कचेरी, भूमी अभिलेख, शाळा आणि पुराभिलेखागार यांच्या फेऱ्या मारल्यावर त्या माणसाचा बराचसा जीवनक्रम मला कागदावर उभा करता आला. राजेरजवाड्यांची किंवा वतनदार घराण्यांची बखर असते, कुळकट असते. साध्या शेतकऱ्याची अशी नोंद एका जागी कधीच सापडत नाही. जमीन, सारा, शाळा, कर्ज आणि मृत्यू या कारणांनी त्याचा सरकारशी जेव्हा जेव्हा संबंध आला, तेव्हा तेव्हा कोणीतरी त्याचे नाव लिहून ठेवले. आपल्याला त्या विखुरलेल्या नोंदी आजपासून मागे, एकेक पिढी करीत जोडत न्यायच्या असतात.

आधी घरातले कागद आणि घरातली माणसे

कचेरीत जाण्यापूर्वी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवावी. खाते पुस्तिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, विकास सोसायटीची पासबुके, शाहूपुरीतल्या अडत्याने दिलेल्या गुळाच्या पट्ट्या, सावकाराचे फेडलेले खत, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांतला प्रत्येक कागद एखादे नाव, एखादा सर्व्हे नंबर किंवा एखादी तारीख हाती देतो. मला सर्वांत उपयोगी पडला तो शेतसाऱ्याच्या पावतीचा फाटका तुकडा, कारण त्यावर जुना सर्व्हे नंबर होता आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर तो नव्हता.

वयस्कर माणसांना "पणजोबा कधी वारले?" असे विचारू नये, कारण सन कोणाच्या लक्षात राहत नाही. लोकांची आठवण घटनांना बांधलेली असते. प्लेगात गाव माळावर झोपड्या घालून राहिले त्याच्या आधी की नंतर, १९१८ च्या मानमोडीत की त्यानंतर, शाहू महाराज वारले (६ मे १९२२) तेव्हा मुलगा केवढा होता, संस्थान विलीन झाले (१ मार्च १९४९) तेव्हा आजी नांदायला आली होती का, कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा घर कोणते होते, असे विचारल्यास पाच-सहा वर्षांच्या फरकाने काळ निश्चित होतो. भाद्रपदात म्हाळ घालताना बाप, आजा, पणजा अशी तीन नावे घ्यावी लागतात. म्हणून भावकीत ज्या घरी म्हाळ नेमाने होतो, तिथल्या कर्त्या माणसाला ती नावे क्रमाने विचारावीत. शेतांची नावेही लिहून घ्यावीत. गट नंबर बदलतात, शेताचे नाव शंभर वर्षे टिकते.

गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे अनेकांचे महिने वाया जातात, म्हणून त्याचे उत्तर नावाच्या शोधाआधी मिळवावे, असे माझे ठाम मत आहे. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. परंतु १९४९ पूर्वी हा सगळा मुलूख एका कारभाराखाली नव्हता. करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानाचे स्वतःचे पेटे, म्हणजे तालुक्यासारखे विभाग, होते आणि त्यांतल्या आळते पेट्याचा प्रदेश आज हातकणंगले तालुक्यात शोधावा लागतो. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींचे दप्तर वेगळे असे. आजरा हा इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान होते. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आणि उलट रायबाग करवीर संस्थानात असूनही आज बेळगाव जिल्ह्यात आहे. तेव्हा चंदगडच्या पूर्वजाची १९३० ची नोंद करवीर संस्थानाच्या दप्तरात शोधणे, किंवा आजऱ्याच्या माणसाचा माग फक्त छत्रपतींच्या दप्तरात काढणे, म्हणजे चुकीच्या विहिरीत पोहरा सोडणे होय.

गावाचा जुना पेटा किंवा महाल ठरवण्यासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ चा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड आणि १९५१ व १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका पाहाव्यात. शहरातले करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे. अशा जुन्या ग्रंथालयात बसून हे काम एका दुपारी होते.

जमिनीचा धागा : सातबाऱ्यापासून हक्कनोंदीपर्यंत

पूर्वजाकडे गुंठाभर जमीन असली, तरी शोधाचा मुख्य मार्ग हाच. त्यामुळे यासाठी वेळ हातचा राखू नये.

आजचा सातबारा शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर मिळतो, पण त्यावर आजची नावे असतात. त्यावरचा गट नंबर आणि जे जे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदीचे) क्रमांक दिसतील ते सगळे टिपून घ्यावेत. नंतर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून त्याच जमिनीच्या हस्तलिखित सातबाऱ्यांच्या नकला मागाव्यात. काही गावांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावरही आले आहेत, तेव्हा आधी तिथे पाहणे सोयीचे. हस्तलिखित सातबाऱ्यात खातेदार वारला किंवा त्याने जमीन विकली, की त्याचे नाव कंसात जाते, खाली नवे नाव येते आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडतो. आपला शोध असतो तो या कंसातल्या नावांचा. प्रत्येक वर्तुळ म्हणजे पुढच्या कागदाकडे जाणारी वाट समजावी.

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. वारसाची नोंद असेल तर त्यात मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची सांगितलेली तारीख आणि मुलगे, मुली, विधवा यांची नावे असतात. अनेक घराण्यांचा वंशवृक्ष या एका नोंदवहीतून तीन पिढ्या उभा राहतो. वारसांची वेगळी नोंदवही (गाव नमुना ६-क) जपली गेली असल्यास तीही पाहावी. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : फेरफाराची तारीख ही घटनेची तारीख नसते. माझ्या पणजोबांचा वारस फेरफार १९२६ चा निघाला, तेव्हा आजीची आठवण चुकली असे मी वहीत लिहूनही टाकले होते. प्रत्यक्षात मुलगे लहान होते, वाटणीचा प्रश्न नव्हता, म्हणून आठ वर्षे कोणी वर्दीच दिली नव्हती. पुढे जन्ममृत्यूच्या वहीत १९१८ च्या कार्तिकातली नोंद सापडली आणि आजी खरी ठरली.

सातबाऱ्यावरची संक्षिप्त अक्षरे नीट वाचावीत. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या एका नावामागे तीन-चार भाऊ उभे असू शकतात, म्हणून जमीन एकट्याची होती असे समजू नये. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती किंवा पालनकर्ता, तिथे आईचे नाव असेल, तर बाप त्याआधी वारलेला असण्याचा संभव मोठा आणि मुलगा तेव्हा अठरा वर्षांच्या आतला, एवढे दोन अनुमान एका ओळीतून निघतात. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचे कर्ज, सावकाराचा बोजा, बहिणीचा हिस्सा, कुळाचे नाव दिसते. पीक पाहणीची बाजू बहुतेक जण उलटून टाकतात. ती जरूर उतरवून घ्यावी. अमुक साली भात आणि नाचणी, पुढच्या काही वर्षांत ऊस, असे दिसले म्हणजे मधल्या काळात पाणी आले, विहीर पडली किंवा पाटाची सोय झाली हे कळते आणि त्या घराचे दिवस कसे पालटले हे डोळ्यांसमोर येते.

मागे जाताना गट नंबर एका टप्प्यावर थांबतो. जमीन तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखालील योजना गावोगाव पुढच्या दशकांत लागू झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात "९(३), ९(४) चा उतारा" म्हणून ओळखला जातो. तो मिळाला की दार उघडते. त्याच कार्यालयातून आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद), गुणाकार बुक (मोजणीची वही) आणि सर्व्हे नंबराचे हिस्से पडले असल्यास आकारफोड पत्रक मागावे, कारण हिस्से कधी पडले यावरून भावांची वाटणी कधी झाली हे अनेकदा ठरते. क्षेत्र जुन्या कागदांत एकर-गुंठ्यांत आणि नव्यात हेक्टर-आरमध्ये असते. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, एवढे गणित पुरे. सातबाऱ्यापूर्वीच्या काळासाठी हक्कनोंदीचे पत्रक विचारावे. मालक, कूळ आणि जमीन कशी आली याची नोंद त्यात मिळते.

पूर्वज मालक नसून कूळ असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. उलट त्याच्याविषयी जास्त कळण्याची शक्यता असते. कुळवहिवाटीच्या १९४८ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालक मानले गेले आणि कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरवण्यासाठी चौकशा झाल्या. त्या प्रकरणांत कुळाचा जबाब असतो : वय काय, जमीन किती वर्षे कसतो, बापही हीच जमीन कसत होता का, खंड धान्यात देत होता की रोख. खाली डाव्या हाताचा अंगठा असतो. ज्याचा एकही फोटो घरात नाही अशा माणसाचे बोलणे आणि त्याच्या अंगठ्याची शाई एकाच पानावर पाहायला मिळणे, याची बरोबरी दुसरा कोणताही कागद करू शकत नाही.

मृत्यू आणि शाळा

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. कचेरीत या वहीला कोतवाल बुक म्हटले की लगेच कळते. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीकडे विचाराव्यात. कोतवाल बुकात मुलाचे नाव बहुधा नसते, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचे नाव असते; मृत्यूच्या कारणात तापासारखा एखादाच शब्द लिहिलेला सापडतो. म्हणून आपले घर सापडले तरी त्या महिन्याची गावची सगळी पाने वाचावीत. १९१८ च्या त्या वहीत आमच्या पणजोबांच्या वरखाली एकाच पंधरवड्यातली मृत्यूंची एवढी दाट रांग होती, की आजीचे जोंधळ्याचे वाक्य मला तेव्हा प्रथम समजले.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली, तपासली आणि स्कॅन केली गेली. आपला हेतू जातीच्या दाखल्याचा नसला, तरी कोणत्या गावची कोणत्या सालची वही शिल्लक आहे हे आता कचेरीतल्या लोकांना पूर्वीपेक्षा चांगले ठाऊक असते, याचा लाभ घ्यावा.

शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा मोठा आधार. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला, त्यामुळे त्यानंतरच्या काळात शेतकरी आणि बलुतेदार घरांतली मुलेही पटावर आलेली दिसतात. नाव, जात, जन्मठिकाण, पालक, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण त्यात असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन, वेळ ठरवून जावे. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी दाखल करण्याच्या सोयीने घातली असण्याची शक्यता धरावी आणि फक्त सालाचा, तोही सैलसर, विचार करावा. मुलगा शहरात शिकायला गेला असेल तर वसतिगृहाच्या नोंदीही विचाराव्यात. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात निघाली आणि खेड्यातली मुले तिथे राहिली.

मोडी आणि कालगणना

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले बरेच कागद, आणि त्याआधीचे जवळजवळ सगळेच, मोडीत असतात. मोडीला घाबरण्याचे कारण नाही. अक्षरे जोडून लिहिलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हे नसतात. परंतु महसुली कागदांची भाषा ठरावीक असते आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवते. त्यानंतर आपल्या गावाचे नाव, आडनाव आणि "मौजे", "बिन", "वलद", "कोम", "मयत" एवढे शब्द शंभर वेळा गिरवले, तर नोंद आपली आहे की नाही इतके नक्की ओळखता येते. "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. संपूर्ण वाचन जाणकाराकडून करून घ्यावे आणि मूळ पानाचा फोटो लिप्यंतराबरोबर कायम ठेवावा.

सालांचा घोळ मोडीपेक्षा जास्त फसवतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या मध्यानंतर ७९. फसली, म्हणजे महसुली, साल मृगाच्या सुमारास बदलते. त्यात जून ते डिसेंबर ५९० आणि जानेवारी ते मे ५९१ मिळवावेत. सुहूर सनात याच हिशेबाने ५९९ आणि ६०० मिळवावे लागतात, आणि तो अनेकदा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. म्हणजे मानमोडीची १९१८ ची दिवाळी शक १८४० आणि फसली १३२८ मध्ये पडते. वहीत मूळ साल आणि काढलेले साल दोन्ही लिहावीत, केवळ दुसरे लिहू नये.

वतनदार, बलुतेदार, आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती

पाटील, कुलकर्णी, महार किंवा अन्य वतन असलेल्या घरांची माहिती इनाम आणि वतनांच्या नोंदींत मिळते. करवीर संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त होऊन पगारी तलाठी आले, महार वतनेही त्याच काळात संपली. त्यामुळे संस्थानी गावाचे दप्तर १९१८ च्या अलीकडे आणि पलीकडे वेगळ्या हातांनी, वेगळ्या रीतीने लिहिलेले आढळते. खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालच्या, मुलखातून आलेल्या गावांसाठी १९५० चा परगणा व कुलकर्णी वतनांचा आणि १९५८ चा कनिष्ठ ग्राम वतनांचा कायदा पाहावा लागतो. संस्थानी काळातले आदेश, अर्ज आणि हुजूर कारभाराचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथे "आमच्या घराण्याची माहिती द्या" असे सांगून काही मिळत नाही. गाव, पेटा, साल आणि विषय ठरवून गेले, तर मदत मनापासून होते.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा शोध अवघड आहे, आणि अशा घरांतल्या लोकांनी लवकर हार मानू नये असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी, १९५१ चे नागरिक रजिस्टर जिथे उरले असेल तिथे, जुन्या मतदार याद्या, आणि विशेषतः जमीनमालकाच्या सातबाऱ्यावरचे इतर हक्क यांत त्यांची नावे येतात. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्मा नोंदवही आणि मुस्लिम कुटुंबांना काझींकडचे निकाहनामे उपयोगी पडतात. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांच्या बाबतीत गावच्या मंडळाची मुंबईतली खोली आणि तिच्या वर्गणीच्या वह्या, गिरणीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीचे कागद शोधावेत. पहिल्या महायुद्धात पलटणीत गेलेला माणूस परत आला नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पाहावे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या आणि बसऱ्याच्या स्मारकाशी निगडित नोंदींत पलटण, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि कधी बापाचे व गावाचे नावही मिळते. नावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून केलेले असते, म्हणून चार-पाच प्रकारे शोधावे. गाव धरणाखाली गेले असेल, काळम्मावाडी किंवा चांदोलीसारखे, तर पुनर्वसन कार्यालयातले संकलन रजिस्टर विचारावे. बुडालेल्या गावातली घरे आणि खातेदार त्यात एकत्र सापडतात.

बायकांचा शोध तर याहून कठीण. लग्नात नाव बदलते, माहेरच्या कागदात ती "मुलगी" आणि सासरच्या कागदात "कोम अमुक" एवढीच उरते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बहिणींची नावे वारस फेरफारात येऊ लागली आणि त्यापाठोपाठ हक्कसोडपत्रेही झाली. ती दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची क्रमांक २ मध्ये शोधावीत. पणजीचे माहेर मला अशाच एका हक्कसोडपत्रावरून सापडले. तिच्या भावाच्या मुलांनी ते करून घेतले होते, आणि त्यात तिचे माहेरचे नाव, वय आणि सासरचे गाव तिन्ही होते.

हेळवी

कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगत आले आहेत. सुगीनंतर बैल घेऊन येणारा हेळवी दारात उभा राहून कूळ, मूळ गाव आणि एकापाठोपाठ एक पूर्वजांची नावे म्हणून दाखवी आणि नव्या जन्माची नोंद वहीत करून घेई. आपल्या घराचा हेळवी कोणत्या गावचा हे भावकीतल्या थोरल्या माणसाला विचारावे. त्याच्या घरी जाताना मानाने जावे, त्याचे धान्य किंवा दक्षिणा द्यावी, आणि वहीचा फोटो परवानगीशिवाय काढू नये. ती त्याची उपजीविका आहे. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांनाही हेच लागू. मात्र अशा वंशावळीत मुली आणि निपुत्रिक भाऊ गळतात, आणि फार मागची नावे प्रतिष्ठित कुळाशी जोडलेली असू शकतात. म्हणून कागदाशी जुळणाऱ्या पिढ्या शाईने आणि त्यापलीकडच्या पेन्सिलने लिहिण्याची पद्धत मी ठेवली आहे.

नोंदी ताडून पाहणे

एका गावात एका आडनावाची वीस घरे आणि त्यांत रामा, सखाराम, ज्ञानू हीच नावे पुन्हा पुन्हा येतात, शिवाय आज्याचे नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे नुसते नाव जुळले म्हणून माणूस आपला ठरत नाही. नाव, बापाचे नाव आणि जमीन या तिघांपैकी किमान दोन गोष्टी वेगवेगळ्या कागदांत जुळल्याशिवाय मी नोंद पक्की मानत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी ती कोणत्या कचेरीतल्या, कोणत्या वहीतल्या, कोणत्या पानावरून घेतली आणि कोणत्या दिवशी घेतली हे लिहावे. जिथे शोधूनही काही मिळाले नाही, तेही लिहावे, म्हणजे दुसऱ्याला तीच फेरी पडणार नाही.

नकलेसाठी अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी, गाव, सर्व्हे नंबर आणि सालांची मर्यादा स्पष्ट लिहावी. "सर्व जुने उतारे द्यावेत" असा मोघम अर्ज परत येतो. एका कचेरीत माझा अर्ज तीन वेळा हरवला. चौथ्या वेळी मी वहीचे वर्णन आणि फेरफार क्रमांक लिहून दिले, तेव्हा नक्कल आठवड्यात मिळाली. उत्तर येतच नसेल तर माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या कित्येक घरांतले कागद भिजून गेले, हे लक्षात घेऊन ट्रंकेतल्या मूळ कागदांचे फोटो पहिल्याच दिवशी काढावेत आणि एक प्रत जिल्ह्याबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी.

सगळे सर्व्हे नंबर हाती आल्यावर गावचा जुना नकाशा आणि गटाचा नकाशा घेऊन, गावातल्या जाणत्या माणसाबरोबर एकदा शिवारात जावे. विहिरीकडच्या पट्टीचा बांध आमच्यासाठी ऐंशी वर्षांच्या एका शेजाऱ्यांनी पावलांनी मोजून दाखवला. हिस्सा पडताना जी हद्द कागदावर आली होती, तिच्यावर त्यांच्या बापाने लावलेली चिंच अजून उभी होती, आणि ती लावताना आमचे थोरले आजोबा तिथे होते, हे त्यांनी आपल्या बापाकडून ऐकले होते. ते मी त्यांच्या नावासह आणि तारखेसह वहीत उतरवून घेतले.